मनातले चित्र आणि समोरचे यंत्र



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, नामांकित डॉक्टर बोलले. दहावीच्या वर्गातून थेट कारखान्याच्या फाटकात शिरलेल्या माझ्यासारख्या माणसाला मंडळाने मनाच्या विषयावर बोलायला बोलवावे, याचे आमच्या घरातसुद्धा आश्चर्य वाटले. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. माझे शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वीच्या दोन तासांत. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. माझ्यापाशी एक अनुभव आहे, त्या अनुभवात माझी एक चूक आहे आणि त्या चुकीने शिकवलेली एक गोष्ट आहे. ती चारचौघांत सांगावी, म्हणूनच मी हे निमंत्रण स्वीकारले.

आरंभी तुमच्याकडून एक लहानसे काम करून घेतो. क्षणभर डोळे मिटा. वैशाखाचे दिवस आहेत. तुमच्या हातात एक कैरी आहे. नुकतीच उतरवलेली, टणक, देठाशी चीक सुकलेली. ती नाकाशी न्या. आता विळीवर धरा. कर्र असा आवाज होतो आणि आतली पांढरी कोवळी कोय चिरली जाते. एका फोडीवर मीठ आणि लाल तिखट भुरभुरा. ती फोड दाताखाली घ्या आणि चावा.

आता डोळे उघडा. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी गिळलेला आवंढा मला येथून दिसला. त्यात लाजण्यासारखे काही नाही, माझ्याही तोंडाला पाणी सुटले आहे. आता उलटा प्रयोग करा. कैरीचे नाव न काढता तोंडाला नुसता हुकूम सोडा, "पाणी सुटू दे!" काही होत नाही. लाळेच्या ग्रंथी आपल्या हुकमाच्या ताबेदार नाहीत. पण चित्र दाखवले, वास दिला, आवाज ऐकवला, की त्या लगेच कामाला लागतात. छातीची धडधड, तळहाताचा घाम, पोटातला गोळा यांचेही असेच आहे. "घाबरू नकोस" असे मनाला शंभरदा बजावले तरी ते ऐकत नाही, कारण मनाच्या त्या भागाला शब्दांपेक्षा चित्राची भाषा अधिक कळते. माझ्या आजच्या विषयाचे मूळ एवढेच आहे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी कसोटीला लावून पाहिली आहे. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियाचे इव्हान पावलोव्ह यांचे प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतील. अन्नाच्या आधी नेहमी एखादा ठरावीक आवाज होत गेला, की पुढे त्या आवाजानेच कुत्र्याला लाळ सुटे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील यू आणि कोल यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांनी चार आठवडे करंगळीच्या स्नायूचा प्रत्यक्ष व्यायाम केला आणि काहींनी तो केवळ मनातल्या मनात केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आणि बोट न हलवणाऱ्यांचीही सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. स्नायू तोच होता, पण त्याला आज्ञा देणारा मेंदू सरावला होता. आज मेंदूच्या आतले काम यंत्राने पाहता येते. एखादी वस्तू आपण डोळ्यांपुढे कल्पितो तेव्हा मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांतले बरेचसे ती वस्तू प्रत्यक्ष पाहतानाही काम करीत असतात, असे त्यातून दिसून आले आहे.

पण हे वाचण्याच्या कितीतरी आधी मी ते घरात पाहिले होते. माझी आई अखेरची दोन वर्षे अंथरुणावर होती. देवघर गावाकडे राहिले होते. ती रोज सकाळी डोळे मिटून मानसपूजा करी. मी नास्तिक वृत्तीचा, म्हणून एकदा थट्टेने विचारले, "आई, मनातल्या देवाला मनातलाच नैवेद्य?" ती म्हणाली, "अरे, नुसतं देव म्हणून भागत नाही. कळशीतलं पाणी गार लागलं पाहिजे, गंध उगाळताना सहाणेचा आवाज आला पाहिजे, वातीचा वास आला पाहिजे. मग मन थांबतं." माझ्या निरक्षर आईने तीन नियम सांगून टाकले होते. चित्र पंचेंद्रियांनी भरलेले हवे, ते क्रमाने यावे आणि रोज यावे. पुढे मोठमोठ्या ग्रंथांत मला याहून फार वेगळे काही मिळाले नाही.

आता माझ्या अनुभवाकडे येतो.

२००४ सालची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग निघत. तेथे जुन्या पॉवर प्रेस होत्या. ज्यांनी प्रेस पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. वर एक जड चाक अखंड फिरत असते. कामगाराने पायाने पॅडल दाबले, की क्लचमधली की अडकते, चाकाची शक्ती खालच्या पंचाला मिळते, पंच एकदा खाली येऊन पत्रा कापतो आणि पुन्हा वर जाऊन थांबतो. मग कामगार हात आत घालून तयार नग काढतो आणि नवा तुकडा ठेवतो. की किंवा तिची स्प्रिंग झिजली असेल, तर पंच वर जाऊन थांबत नाही, पॅडल न दाबताच दुसऱ्यांदा खाली येतो. याला आमच्याकडे प्रेस 'रिपीट मारणे' म्हणतात. त्या वेळी हात आत असला तर काय होते, ते मी सांगायला नको.

त्या कारखान्यात एका कामगाराची तीन बोटे अशीच गेली. शेजारच्या प्रेसवर चोवीस वर्षांचा एक तरुण उभा होता, त्याने ते डोळ्यांनी पाहिले. तो याच पंचक्रोशीत राहतो, म्हणून नाव सांगत नाही. आठ दिवसांनी त्यालाच त्या प्रेसवर उभे केले. त्याचा हात पुढे जाईना. तळव्यांना घाम सुटे, पोट ढवळून येई. चार दिवस फोरमनने शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी त्याला झाडलोटीवर लावले. रोजाचे पैसे कमी झाले. घरी म्हातारे वडील, लग्नाची बहीण. तो संघटनेच्या कचेरीत येऊन बसला आणि म्हणाला, "अण्णा, मला काय झालंय कळंना. आवाज आला की हातच मागं येतुया. माझं मन पक्कं करा."

त्याच सुमारास मी वाचनालयात जोसेफ वोल्पी या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांविषयी वाचले होते. दुसऱ्या महायुद्धात भयाने खचलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांना चालू औषधे अपुरी वाटली. पुढे जोहान्सबर्गला त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचा धक्का बसलेले मांजर तेथे अन्नाला तोंड लावीत नसे. म्हणून त्याला आधी त्या खोलीशी फारसे साम्य नसलेल्या खोलीत खायला दिले, मग थोडे साम्य असलेल्या खोलीत, असे करीत करीत अखेर ते पिंजऱ्यात खाऊ लागले. माणसाच्या बाबतीत प्रत्येक भीतीची खोली कोठून आणायची? म्हणून वोल्पींनी ती मनात उभी केली. शिकागोच्या एडमंड जेकब्सन यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात अंगाचा एकेक स्नायू सैल सोडण्याची रीत मांडली होती. त्या रीतीने शरीर शिथिल करायचे, भीतीची एक शिडी लिहून काढायची आणि सगळ्यांत खालच्या पायरीपासून एकेक पायरी मनात अनुभवायची. एक पायरी शांतपणे पार पडली तरच पुढची. १९५८ साली त्यांनी ग्रंथ लिहून ही पद्धत सविस्तर मांडली. त्यांच्याही आधी, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणून निर्भय केले होते.

मला वाटले, किल्ली सापडली! रोज पाळी सुटली की तो तरुण कचेरीत येई. सतरंजीवर आडवा होई. मी वही घेऊन बसे. पहिल्याच दिवशी अडचण आली. तो म्हणाला, "अण्णा, डोळं मिटलं की काळोखच दिसतो, चित्र येतच न्हाई." मी गोंधळलो. पुढे वाचनात आले, की १८८० साली इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात पाहायला सांगितले, तेव्हा काही चांगले विद्वान म्हणाले, की आम्हांला काहीच दिसत नाही. अशा माणसांच्या या स्थितीला ॲडम झेमन या डॉक्टरांनी २०१५ साली 'अफँटेशिया' असे नाव दिले. पण त्या तरुणाला चित्र दिसत नसले तरी आवाज जसाच्या तसा आठवे, तेलाचा जळका वास येई, पॅडलचे लोखंड तळपायाला जाणवे. मग आम्ही डोळ्यांचा नाद सोडला आणि कान, नाक, पाय यांवर शिडी रचली.

ती वही आजही माझ्यापाशी आहे. पहिली पायरी, कारखान्याच्या फाटकाशी सायकलचे स्टँड लावल्याचा आवाज. दुसरी, हजेरीच्या खिडकीशी येणारा तेलाचा वास. तिसरी, लांबून ऐकू येणारी प्रेसखात्याची धडधड. चौथी, बंद प्रेसवर ठेवलेला हात आणि लोखंडाचा गारवा. अशा दहा पायऱ्या होत्या. नववी पायरी मी त्याच्याच शब्दांत लिहिली आहे. तो म्हणाला होता, "ती प्रेस मधनंच खट्ट करती, अण्णा. सगळ्या येळी न्हाई. चार-पाचशे नगाला एकदा. तो आवाज आला की माझा जीव जातुया." मी लिहिले, "पायरी नववी : खट्ट असा जादा आवाज." आणि त्या आवाजाची भीती घालवायला मी आठ दिवस खर्च केले. मी 'खट्ट' म्हणायचे, त्याने शांत श्वास घ्यायचा.

सहा आठवड्यांत भीती गेली. तो प्रेसवर परत उभा राहिला. रोजाचे पैसे पूर्ववत झाले. त्याचे वडील पेढे घेऊन आले. मी दोन-तीन सभांतून ही हकीकत अभिमानाने सांगितली.

चौथ्या महिन्यात त्या प्रेसने रिपीट मारली. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. मी रुग्णालयात गेलो. तो माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो म्हणाला, "अण्णा, भ्या होतं तवर हात मागं ऱ्हायचा."

मंडळी, त्या रात्री मी वही काढली आणि नववी पायरी पुन्हा वाचली. ती भीतीची पायरी नव्हतीच, ती यंत्राची तक्रार होती. क्लचची की झिजली आहे, हे त्या पोराच्या कानाने ओळखले होते. किती नगांनी एकदा, याचा हिशेबसुद्धा त्याने दिला होता. एखाद्या इंजिनिअरने लिहावा असा तो अहवाल होता आणि मी तो आजार समजून बरा केला. कारखानदाराचा दोष होताच. यंत्राच्या धोक्याच्या भागांना संरक्षक आवरण हवे, असे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे २१ वे कलम सांगत होते, आणि त्या प्रेसला आवरण नव्हते. पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आमच्या संघटनेच्या त्या वर्षीच्या मागणीपत्रात बोनस पहिल्या क्रमांकावर होता आणि प्रेसचे आवरण अकराव्या.

तेव्हापासून मी एक सूत्र धरून आहे. भीती दोन प्रकारची असते. एक भीती समोरच्या धोक्याची असते. ती पहारेकरी आहे, तिला झोपवू नये. दुसरी भीती धोका निघून गेल्यावर मागे उरते. ती सवय आहे, तिच्यावर मनातल्या चित्राचा उपाय चालतो, आणि उत्तम चालतो. उपाय एकच, पण पहिल्या ठिकाणी तो विष ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी औषध. म्हणून मन बदलायला बसण्याआधी विचारायचे, "धोका अजून जागेवर आहे का?" असेल, तर आधी यंत्र बदला.

आमच्या बाबतीत पुढे तसेच झाले. आवरणाची मागणी अकराव्या क्रमांकावरून पहिल्यावर आली. सतरा दिवस प्रेसखाते बंद राहिले. अखेर क्लच बदलले गेले. डायच्या तोंडाशी जाळीचे बंद आवरण बसले. फट एवढीच, की पत्रा आत सरकावा पण बोट जाऊ नये. नग काढायला चिमटे आले. हात भरल्यावर तो तरुण परत आला, आणि आता त्याला पूर्वीच्या दुप्पट भीती होती! मीही शिडीची वही पुन्हा उघडायला धजत नव्हतो. तोच म्हणाला, "अण्णा, आता करूया. आता जाळी बसलीया."

या खेपेला आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी, की प्रत्येक पायरी मनात झाली की दुसऱ्या दिवशी ती प्रत्यक्षात करायची. यंत्र बंद करून तो जाळीच्या फटीत बोट घालून पाही. जात नाही, ही खात्री हाताला मिळे, आणि ती हाताची आठवण घेऊन तो संध्याकाळी सतरंजीवर पडे. दुसरी गोष्ट अशी, की 'खट्ट' आवाज शिडीतून काढून टाकला. तो आवाज आला की थांबायचे, पॅडलवरचा पाय काढायचा आणि फिटरला हाक मारायची, हे चित्र आम्ही वेगळे घोटले. भीती मारण्याऐवजी भीतीला काम दिले. दोन महिन्यांत तो प्रेसवर उभा राहिला.

आता कोणी म्हणेल, की यात नवल काय, सुंदर विचार केला की मन शांत होतेच. हा समज फार पसरला आहे, म्हणून त्याविषयी बोलतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात व्यवस्थापनाने तणावमुक्तीचा वर्ग ठेवला होता. प्रशिक्षक गृहस्थ भले होते. रात्रपाळी करून आलेल्या माणसांना त्यांनी डोळे मिटायला लावले आणि समुद्रकिनारा पाहायला सांगितले. निम्मे लोक लागलीच घोरू लागले, त्यांना विश्रांती मिळाली हा लाभच म्हणायचा. परंतु किनारा पाहून भट्टीची भीती जाते का?

२०१८ साली रेडन, वेगर आणि शिलर या अमेरिकेतल्या संशोधकांनी याचीच परीक्षा घेतली. ६८ माणसांना एक विशिष्ट ध्वनी आणि विजेचा सौम्य पण नकोसा धक्का असे एकत्र दिले, त्यामुळे त्या ध्वनीची भीती बसली. मग तीन गट केले. एका गटाने तो ध्वनी धक्क्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकला. दुसऱ्याने तो मनातल्या मनात ऐकला. तिसऱ्याने मनात पक्ष्यांची किलबिल आणि पावसाचा आवाज ऐकला. ध्वनी ऐकणाऱ्यांची आणि तो कल्पिणाऱ्यांची भीती जवळजवळ सारखीच उतरली. किलबिल ऐकणाऱ्यांची मात्र उतरली नाही. याचा अर्थ उघड आहे. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे मनाने पाहावे लागते आणि तेथे आता इजा होत नाही, हे मनाला अनुभवू द्यावे लागते. पाठ फिरवून गोड चित्रे पाहिली तर करमणूक होते, शिकवण होत नाही.

आणखी एक गोष्ट. अशा रीतीने जुनी भीती समूळ पुसली जात नाही. तिच्यावर नवी शिकवण बसते. खूप दिवसांनी किंवा अनपेक्षित जागी जुनी भीती पुन्हा डोके वर काढते. त्याने निराश होऊ नये, पुन्हा दोन पायऱ्या खाली उतरून चढावे.

कारखान्याबाहेरच्या श्रोत्यांना, विशेषतः भगिनींना वाटेल, की याचा आमच्याशी काय संबंध? आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरी कुकर उडाला. इजा झाली नाही, पण त्यानंतर शिट्टी वाजू लागली की त्या स्वयंपाकघरातून बाहेर पळत. घरचे हसत. मी म्हटले, "वहिनी, हसण्यावारी नेऊ नका. आधी रबर बदला, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवा, शिट्टीचे भोक साफ आहे का बघा." ते झाल्यावर मग त्यांना शिडी लिहून दिली : शेजारच्या घरातली शिट्टी, मग आपल्या घरातली पण बाहेरच्या खोलीतून ऐकलेली, मग दारातून, मग ओट्याशी उभे राहून. प्रत्येक पायरीवर भाताचा वास, वाफेचा दमटपणा, हाताशी गॅसची कळ. वहिनी आता निवांत डाळ शिजवतात. रबर न बदलता मी त्यांना शांत राहायला शिकवले असते तर?

विद्यार्थ्यांसाठी एक शब्द. परीक्षेच्या आधी पुष्कळ मुले पहिल्या क्रमांकाचे आणि गळ्यातल्या हाराचे चित्र पाहतात. लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फॅम आणि टेलर यांनी १९९९ साली दाखवून दिले, की चांगल्या गुणांचे चित्र पाहणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष अभ्यासाचे चित्र, म्हणजे कोठे बसायचे, पुस्तक कसे उघडायचे, हे पाहणारी मुले जास्त अभ्यास करतात आणि त्यांना गुणही जास्त मिळतात. तेव्हा हाराऐवजी बाक पाहा. घंटा ऐका. प्रश्नपत्रिकेचा कागद बोटांना लागू द्या. पहिला प्रश्न येत नाही असे पाहा, आणि आपण तो सोडून शांतपणे दुसऱ्याकडे वळलो असेही पाहा. पण मुलाने वर्षभर पुस्तक उघडलेच नसेल, तर त्याची भीती खरी आहे. तिला सतरंजीवर झोपवू नका, त्याला अभ्यासाला बसवा.

आणि ज्यांच्या मनावर मोठा आघात झाला आहे, ज्यांना ती घटना आठवताच भान राहत नाही, रात्र रात्र झोप नाही, त्यांनी माझ्यासारख्या हौशी माणसाच्या वहीवर विसंबू नये. त्यांनी जाणत्या डॉक्टरांकडेच जावे. माझ्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या बोटांनी मोजली, हे मी विसरलेलो नाही.

तात्पर्य काय? मनातल्या चित्राचे सामर्थ्य मोठे आहे, म्हणूनच ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी वापरले जात आहे, हे पाहिले पाहिजे. ज्या समाजात खड्डे तसेच ठेवून लोकांना न घाबरता चालायला शिकवले जाते, तेथे पाय मोडणारच. आणि खड्डे बुजल्यावरही जो दारातून बाहेर पडत नाही, त्याचेही आयुष्य घरातच संपते. आधी खड्डा बुजवावा, मग त्या माणसाचा हात धरून त्याला बाहेर आणावे. दोन्ही कामे आपलीच आहेत.

तो तरुण आता तरुण राहिला नाही. कानांजवळ केस पांढरे झाले आहेत. नवी पोरे प्रेसखात्यात आली, की पहिल्या दिवशी तो त्यांना यंत्राला हात लावू देत नाही. जाळीपासून चार पावलांवर उभे करतो, डोळे मिटायला लावतो आणि चालत्या प्रेसचा आवाज पाव तास नुसता ऐकवतो. मग संध्याकाळी सुटताना विचारतो, "आता मशीन बंद हाय. मनात ऐका. कसा येतो आवाज?" पोरे तोंडाने आवाज काढून दाखवतात. तो दोनदा-तीनदा दुरुस्त करतो. म्हणतो, "हा नीट घरी घेऊन जा. उद्या याच्यापेक्षा येगळा आला, तर पाय काढायचा आन् मला बोलवायचं. भ्या वाटलं तरी लाजायचं न्हाई."

माझ्या नवव्या पायरीचा तो असा उपयोग करतो. मला त्याच्याकडून जे शिकायला मिळाले ते मी आपल्यापुढे ठेवले.